शक्तीची गोळी

घरातली माणसं कामाला निघाली की म्हातारीला आत ठेवून बाहेरून कुलूप घालायचं, ही चांद्याकडची रीतच असेल, असं लिलाबाईला बरेच दिवस वाटत होतं. इकडं सगळंच निराळं. पाणी भिंतीतून येतं, माणसं माणसांच्या डोक्यावर राहतात, शेजारी कोण मेलं-जगलं ते वॉचमनला विचारावं लागतं. तिथं कुलूपही उलटं लागत असेल तर त्यात नवल काय? आपल्याला ठाऊक नाही म्हणजे ते चूकच, असं थोडंच आहे!

तिचा सगळा जन्म पौडकडच्या माले गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवर गेला होता. वाडीतल्या घरांना कडी होती, तीही कुत्री शिरू नयेत म्हणून. नवरा बारकू होता तोवर दोघं मिळून उतारावर नाचणी-वरई करत, खाचरात भात लावत. उन्हाळ्यात करवंदं-जांभळं पौडला नेऊन विकत, थंडीत हिरडा गोळा करत. बारकू गेला तरी तिचं काही अडलं नाही. बाई बोलायला फटकळ, चालायला काटक. शेजारच्या घरात तिची धाकटी जाऊ तुळजाबाई राहायची, तीही विधवाच. दोघी दिवसातून एकदा तरी कडाकडा भांडत, आणि भांडण झाल्याशिवाय दोघींनाही अन्न गोड लागत नसे.

मागल्या पावसाळ्यात शेवाळावरून पाय घसरला आणि लिलाबाईचं मनगट मोडलं. एकुलता एक मुलगा विकास गाडी घेऊन आला. तो हिंजवडीच्या कंपन्यांतली माणसं ने-आण करणारी गाडी चालवायचा. जवळच चांद्याला चौथ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचा. बायको पल्लवी उरवड्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला. लेकरू अजून नव्हतं.

"आई, आता पुरं झालं. माझ्याकडं चल. उद्या मरून पडलीस तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील," विकास म्हणाला.

तुळजाबाईनं दारात उभं राहून पदराला डोळे पुसले, आणि वर म्हणाली, "जा आक्का, लेकाच्या राज्यात सुखानं खा. माझ्या डोक्याचा ताप गेला."

लिलाबाई गेली.

पहिले काही दिवस बरे गेले. सून चहा हातात द्यायची, लेक रात्री पाय चेपायचा. पण लिलाबाईला दिवस सरता सरेना. मनगट जरा धड झालं तशी एका सकाळी ती जिना उतरून खाली गेली. बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर तोडलेल्या फांद्यांचा ढीग पडला होता. हाताला सवय. तिनं चांगल्या वाळक्या काटक्या निवडल्या, पदर फाडून मोळी बांधली, डोक्यावर घेतली आणि घराकडं वळली. तर सगळ्या बिल्डिंगा एकाच रंगाच्या! ही म्हणावी तर ही, ती म्हणावी तर ती. फिरत फिरत ती पार मोठ्या रस्त्यावर गेली, जिथं खडीचे डंपर धुरळा उडवत जातात. कुणीतरी गाडी थांबवून शिव्या दिल्या. शेवटी वॉचमननं तिला ओळखलं आणि मोळीसकट परत आणलं.

विकास ड्यूटी सोडून धावत आला. आधी रडला, मग ओरडला. "डंपरखाली आली असतीस तर? आन् काटक्या कशाला? हितं गॅस हाय ना?"

 गॅस होता, हे खरंच होतं.

दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप लागायला लागलं. आणि त्याच सुमारास सकाळ-संध्याकाळ एक गोळी सुरू झाली. पल्लवी पाण्याचा पेला पुढं करून म्हणायची, "घ्या आत्या, शक्तीची हाय."

शक्ती कुठून येते ते लिलाबाईला कळेना, कारण होती तीच जाऊ लागली. उभं राहिलं की जमीन तिरपी व्हायची. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवेना म्हणून ती पुन्हा घालायची. पल्लवीला ती एकदा तुळजा म्हणाली, एकदा आपल्या मेलेल्या आईच्या नावानं हाक मारली. एक दिवस अंथरूण ओलं झालं. पल्लवीनं चादर ओढून काढली आणि बादली अशी आपटली की लिलाबाई दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

"आई, तुला आता काय कळत न्हाई," विकास म्हणायला लागला. सुरुवातीला चिडून, मग रोजचंच. तिचा छोटा मोबाइलही त्यानं काढून घेतला. "उगं कुठलीबी बटणं दाबतीस. तुला फोन कोण करणार?"

"तुळजी करती की."

"काकीचा कदी फोन आला न्हाई."

हे मात्र लिलाबाईच्या फार जिव्हारी लागलं. भांडली तर भांडली, पण तुळजा विसरेल? मग तिला वाटलं, आपणच काहीतरी बोललो असू. काय बोललो? आठवेना. न आठवणाऱ्या भांडणाबद्दल ती मनातल्या मनात जावेची माफी मागायची, आणि मग माफी मागितली की नाही तेही विसरायची.

समोरच्या फ्लॅटमधली पोरगी तिला अशाच एका धूसर दुपारी भेटली. आतलं लाकडी दार उघडता यायचं, बाहेरच्या जाळीला कुलूप. लिलाबाई जाळीला धरून उभी होती आणि "तुळजे, ए तुळजे," अशा हाका मारत होती. समोरचं दार उघडलं. कानात वायर, हातात लॅपटॉप, केस कसेतरी वर बांधलेले.

"आजी, काही पाहिजे का?"

"तू तुळजी न्हाईस."

"नाही. मी क्षितिजा. गेल्या महिन्यात राहायला आले इथं. मूळची लातूरची." पोरगी जवळ आली. तिनं कुलूप पाहिलं, हात लावून पाहिलं. "आजी, तुम्हाला आत कोंडलंय का?"

"कोंडलंय कुटं? कुलूप लावलंय," लिलाबाई म्हणाली. "तुज्या घरचे लावत न्हाईत?"

 क्षितिजा म्हणाली, "माझी किल्ली माझ्याकडे असते, आजी."

लिलाबाईनं या वाक्यावर बराच वेळ विचार केला. पोरीची किल्ली पोरीकडं, मग म्हातारीची विकासकडं का? वयाप्रमाणं किल्ल्या वाटत असतील. पण वाडीवर तर म्हाताऱ्यांकडंच सगळ्या घराचा कारभार असायचा. विचाराचा धागा इथवर आला की तुटायचा आणि ती पुन्हा खाटेवर जाऊन पडायची.

फाल्गुनात पल्लवीची आई आजारी पडली. पल्लवी आठवडाभर माहेरी गेली. विकास पहाटे बाहेर पडायचा तो अंधार पडल्यावर यायचा. जेवणाचा डबा झाकून ठेवायचा, कुलूप लावायचा, पण गोळीचं त्याच्या ध्यानातच राहत नसे. पहिले दोन दिवस लिलाबाईला झोप येईना, अंगाला कापरं भरलं, छातीत धडधडायला लागलं. वाटलं, आता काही खरं नाही. आणि मग हळूहळू, तळ्यातला गाळ खाली बसावा तसं झालं. भांडी कुठली कुठं आहेत ते दिसायला लागलं. नळ किती फिरवला की पाणी बंद होतं ते हाताला आठवायला लागलं.

समोरचं दार उघडल्याचा आवाज आला तशी ती जाळीपाशी गेली. "पोरी, दसरा कदी हाय गं?"

क्षितिजा हसली, मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "आजी, दसरा, दिवाळी, संक्रांत, सगळं झालं की. आता होळी आलीय."

लिलाबाईनं जाळी घट्ट धरली. गणपतीचे ढोल वाजल्याचं तिला आठवत होतं. तिथून पुढं कुणी कोऱ्या कापडानं पुसून काढावं तसं. दिवाळी झाली? आपण काय खाल्लं दिवाळीला? नवं लुगडं नेसलो का? भाऊबीजेला कोण आलं? एवढे दिवस आपण कुठं होतो?

"मी आजारी होते का?" तिनं विचारलं, जणू त्या पोरीलाच ठाऊक असणार.

पल्लवी परत आली, आणि तिच्यामागोमाग गोळीही आली. लिलाबाईनं ती घेतली आणि त्याच दुपारी तिचं डोकं पुन्हा जड झालं. दोन्ही गोष्टी एकाच हातानं आल्या हे तिच्या ध्यानात आलं, पण त्यातून काय समजावं ते कळेना. पुढच्या सकाळी तिनं गोळी गालात ठेवली, पाणी प्यायली, आणि पल्लवी बसला गेल्यावर मोरीत थुंकली. मग ओट्यावरच्या फळीवरचे डबे धुंडाळले. लवंगांच्या डब्यात पाकीट सापडलं. त्यातल्या दोन गोळ्या कागदासकट तोडून तिनं जाळीतून क्षितिजाकडं दिल्या.

"बघ बरं, ही शक्तीचीच हाय का?"

क्षितिजानं मोबाइलवर नाव घालून पाहिलं. दोनदा पाहिलं. "आजी, ही झोपेची गोळी आहे."

"झोप तर मला येतीच की."

"म्हणूनच येते, आजी."

 लिलाबाईला समजलं तर होतं, पण समजलेलं कुठं ठेवावं ते कळत नव्हतं. लेकाला माहीत असेल? का एकट्या सुनेचं काम? का मेडिकलवाल्याची चूक? विकास मारत नाही, उपाशी ठेवत नाही, ताप आला तर कपाळाला हात लावून बघतो. आणि झोपेची गोळी देतो. ही दोन्ही एकाच माणसाची कामं कशी?

"आजी, मी कुणालातरी फोन करते. म्हाताऱ्या माणसांसाठी हेल्पलाइन असते."

"पोलीस येत्याल का? विकासला न्हेत्याल का?" लिलाबाई घाबरली. "नको गं बाई. मीच इचारते त्याला."

आणि तिनं विचारलं. दोघंही घरी असताना, चहाच्या वेळी, सरळच. "विकास, ती गोळी झोपेची हाय म्हनं."

विकासचा कप हातातच राहिला. "कोण म्हणालं?"

"समोरची पोरगी. क्षितिजा."

"कुठली समोरची?" विकासनं पल्लवीकडं पाहिलं. "आई, समोरचा फ्लॅट वरसभर रिकामा हाय. तितं कुणी राहत न्हाई."

"राहती की! लातूरची हाय. थांब, मी गोळ्याच दाखवते." लिलाबाई उठली, फळीवरचा डबा काढला, उघडला. आत लवंगा होत्या. नुसत्या लवंगा. तिनं सगळ्या ओट्यावर ओतल्या, बोटानं चाळल्या.

"हितंच होतं पाकीट."

पल्लवी खाली मान घालून कप विसळत होती.

"आई," विकास हळू आवाजात म्हणाला, "तुला भास व्हायला लागल्यात गं." आणि त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. तेच तिला सहन होईना. खोटं बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी कसं येईल?

दुसऱ्या दिवशी ती जाळीपाशी उभी राहून हाका मारत राहिली. "पोरी, ए पोरी!" समोरचं दार बंद. त्याच्या पुढच्या दिवशीही बंद. दाराबाहेर एक चप्पलसुद्धा नाही. लिलाबाईनं आठवून पाहिलं, पोरीच्या नाकात चमकी होती की नव्हती? एकदा वाटलं होती, एकदा वाटलं नव्हती. ज्या माणसाचं नाकही धड आठवत नाही ते माणूस खरं कसं म्हणायचं? तुळजाला हाका मारता मारता आपणच एक पोरगी उभी केली असेल. दसऱ्या-दिवाळीचंही तसंच. कदाचित अजून दसरा व्हायचाच असेल.

त्या संध्याकाळी पल्लवीनं पेला पुढं केला, तेव्हा लिलाबाईनं गोळी गालात ठेवली नाही. डोकं फिरलंच आहे तर औषध घेतलेलं बरं, असं म्हणून तिनं आपण होऊन गिळली.

क्षितिजा गेली होती लातूरला. वडिलांना अचानक दवाखान्यात ठेवावं लागलं म्हणून ती तडकाफडकी निघाली होती, सांगायलाही वेळ मिळाला नव्हता. तिथं वडिलांच्या डॉक्टरांना तिनं पर्समधल्या त्या दोन गोळ्या दाखवल्या. डॉक्टर म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला रोज दोनदा? अहो, चांगला माणूस वेडा होईल." मग तिनं लातूरमधूनच हेल्पलाइनला फोन लावला. लावण्याआधी ती बराच वेळ फोन हातात धरून बसली होती. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं का? उद्या समोरासमोर राहायचंय. पण समोर वडील झोपले होते, आणि त्यांच्या उशाशी कोण येतं, कोणतं औषध देतं, यावर तिची नजर होती. आजींच्या उशाशी कुणाची नजर होती?

एका दुपारी लिलाबाईला जाळीवर टकटक ऐकू आली. ती भिंतीला धरत धरत आली. बाहेर तीन बायका. एक पोलिसाच्या कपड्यात, एक चाळिशीची, खांद्याला झोळी अडकवलेली, आणि तिसरी ती. तीच. लिलाबाईनं जाळीतून हात बाहेर काढला आणि पोरीच्या नाकाला लावला. चमकी नव्हती. पण नाक होतं, गरम, घामेजलेलं.

"हायेस का गं तू?"

"आहे आजी," क्षितिजा म्हणाली आणि तिला रडूच आलं.

झोळीवाल्या बाईचं नाव कल्पनाताई. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर तक्रार आली की घरी जाऊन बघायचं हे तिचं काम. तिनं पहिल्यांदा काहीच विचारलं नाही. जाळीबाहेर फरशीवर मांडी घातली, लिलाबाईलाही आतून बसायला सांगितलं, आणि माले, पौड, वाडीवरच्या भाताबद्दल बोलत बसली. विकासला फोन गेला. तो आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पोलीसबाई म्हणाली, "कुलूप काढा." त्यानं आधी गाडीचीच किल्ली कुलपाला लावली, मग घराची.

दार उघडलं. मागोमाग पल्लवीही कारखान्यातून सुट्टी टाकून आली. घर माणसांनी भरलं.

कल्पनाताईनं सांगायचं ते सरळ सांगितलं. कुणालाही असं कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे, मग ती स्वतःची आई का असेना. डॉक्टरांना न विचारता झोपेच्या गोळ्या देणं म्हणजे जिवाशी खेळ. आईवडिलांना सांभाळायचा कायदा आहे, प्रांतसाहेबांकडे दाद मागता येते. "आणि सांभाळणं म्हणजे नुसतं जेवण-पाणी नाही. माणसासारखं राहू देणं."

"मग मी करायचं तरी काय?" विकास एकदम फुटला. "ही रस्त्यावर डंपरपुढं उभी होती! रातभर उठून दार वाजवायची, मला वाडीला न्या म्हणून. खालचे लोक मालकाकडं तक्रार करायचे. मी दिवसभर गाडी चालवतो, एक डुलकी लागली तर धा माणसं मरतील! मेडिकलमधल्या वळखीच्या पोरानं दिली गोळी. म्हणाला, लई लोक नेतात."

"आणि पाकीट?" क्षितिजानं विचारलं.

पल्लवी दाराच्या चौकटीला टेकली होती. "मी काढून ठिवलं," ती म्हणाली. "दोन गोळ्या कमी दिसल्या. भ्याले." मग, "आन् समोर कुणी राहतंय हे आमाला खरंच ठावं नव्हतं. अंधारात जातो, अंधारात येतो."

लिलाबाई एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. लेकाचा राग यावा असं तिला वाटत होतं, आणि येतही होता, पण तो येता येता मध्येच त्याची चुकीची किल्ली लावणारी बोटं दिसायची आणि राग कुठंतरी भलतीकडं वळायचा. सुनेचा यावा म्हटलं तर तिचे फाटलेले हात दिसायचे. मग आपलाच यायचा. काटक्या आणायला गेले नसते तर? पण काटक्या आणणं हा काय गुन्हा आहे का?

"लिलाआजी," कल्पनाताई म्हणाली, "तुम्हाला काय पाहिजे?"

 लिलाबाईला वाटलं, प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारलाय. तिनं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

"मला?"

"तुम्हाला. इथं राहायचंय, वाडीवर जायचंय, केस करायची, नाही करायची. तुम्ही सांगाल ते."

किती दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं! उत्तर द्यायची सवयच मोडली होती.  "मला सुदरत न्हाई," ती म्हणाली. "आधी ते दार उगडं राहू द्या. मग सांगते."

दार उघडं राहिलं. चहा झाला. क्षितिजाच्या घरून बिस्किटं आली. कुणी घाई केली नाही, तशी लिलाबाईच म्हणाली, "माजा फोन कुटं हाय?"

विकासनं कपाटातून फोन काढून आणला. चार्जिंगला लावला, सुरू केला. कल्पनाताईनं बघितलं आणि फोन विकाससमोर धरला. फोन बंद असताना तुळजाबाईनं केलेल्या कॉलचे मेसेज एकामागून एक येत होते. विकासनं मान खाली घातली.

"काकीचा फोन आला की तू लई रडायचीस," तो पुटपुटला. "म्हणून."

लिलाबाईनं फोन ओढून आपल्याकडं घेतला. आतापर्यंतच्या सगळ्यात हेच तिला सगळ्यात जड गेलं. कुलूप समजलं असतं, गोळीही कदाचित समजली असती. पण तुळजा विसरली नव्हती, आणि आपण न झालेल्या भांडणाबद्दल मनातल्या मनात तिची माफी मागत बसलो!

तिनं फोन लावायला सांगितला. पलीकडून आवाज आला, "कोन?"

"मी गं. लिली."

 तुळजाबाई कडाडली, "मेलीस का कुटं, सटवे! फोन उचलायला हात झडले हुते का?"

लिलाबाईला इतकं हसू आलं की हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर तिनं कल्पनाताईला सांगितलं, "मला वाडीला सोडा. केस नको. लेकरू हाय माजं." मग विकासकडं पाहून, "पर ह्याला कुनीतरी सांगत राव्हा. मी सांगितलं तर म्हनंल, भास होतोय."

कल्पनाताई म्हणाली, आज केस नको तर नको, मन बदललं तर केव्हाही सांगा. पण आम्ही येऊन बघत राहणार, इथंही आणि वाडीवरही. पोलीसबाईनं विकासला बाजूला घेऊन जे काय बजावायचं ते बजावलं.

वाडीवर जाण्याआधी सरकारी दवाखान्यात तिला दाखवलं. तिथल्या डॉक्टरबाईनं गोळी एकदम बंद केली नाही, बेतानं कमी करत न्यायला सांगितली. आणि एक गोष्ट सांगितली, जी लिलाबाईला आजतागायत नीट उलगडलेली नाही. डोक्यावरचं बरंचसं मळभ गोळीचं होतं, ते जाईल. पण थोडा विसराळूपणा आजींचा स्वतःचाच आहे, वयाचा. तो हळूहळू वाढेलही.

"म्हंजी विकास खरं बोलत हुता का?" तिनं घरी जाताना गाडीत तुळजाबाईला विचारलं. ती न्यायला आली होती.

"खरं बोलत हुता आन् खोटं वागत हुता," तुळजाबाई म्हणाली. "तुजा लेक, तू बघ."

आता लिलाबाई तुळजाबाईच्या घरात राहते. गावातली आरोग्याची आशाताई येऊन जाते, कल्पनाताईचा फोन येतो. कधी चार-चार दिवस तिचं डोकं अगदी लख्ख असतं, कोंबड्यांना नावानं हाकारते, जावेशी भांडून जिंकते. मग एखाद्या सकाळी चुलीपुढं बसून राहते आणि विचारते, "मी हितं कवा आले?" तुळजाबाई सांगते. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगते, वर एक शिवी देऊन.

विकास सुट्टीला येतो. पहिल्यांदा आला तेव्हा अंगणातच उभा राहिला, आत येऊ की नको असं करत. बरोबर पल्लवी होती, तिनं सासूसाठी शेवया आणल्या होत्या. लिलाबाईनं दोघांना पाट मांडले. आंबेमोहोराचा भात, कुळथाचं पिठलं. विकास जेवता जेवता थांबला.

"आई, राग हाय का अजून?"

लिलाबाईनं मनात चाचपून पाहिलं. काहीतरी होतं तिथं, पण ते राग आहे की भीती, की नुसतीच माया, ते तिला ओळखू येईना. "कळत न्हाई रे," ती म्हणाली. "असंलबी. तू जेव."

तो जेवला. ऊन कलल्यावर दोघं निघाली. गाडी खालच्या वळणाला दिसेनाशी होईपर्यंत लिलाबाई बांधावर उभी होती. मग घरात आली, खरकट्या ताटांकडं पाहून जरा घुटमळली.

"तुळजे, पोरगा जेवला का गं?"

"आत्ता तुज्यापुढं दोन वाढपं भात खाऊन गेला की."

"व्हय का?" लिलाबाई म्हणाली. "मग बरं झालं." आणि ताटं घासायला घेऊन गेली.